डाव्या खिशातील काडतुसे

घरात रायफली दोन होत्या आणि भाऊही दोनच. थोरल्या अल्गोटची साडेसहाची, धाकट्या हिल्डिंगची नऊ-तीनची. आकडे गोळीच्या जाडीचे, मिलिमीटरमधले; नऊ-तीन म्हणजे नऊ पूर्णांक तीन दशांश. पण ग्रानशोच्या तळ्याकाठी ते माणसाचा स्वभाव सांगावा तसे उच्चारले जात. साडेसहाचा माणूस म्हणजे चालणारा, थबकणारा, पुन्हा चालणारा. नऊ-तीनचा माणूस म्हणजे एका जागी बसून, जे येईल त्याची वाट पाहणारा. अल्गोट कुत्रा घेऊन दिवसभर रान तुडवी. हिल्डिंग नेमून दिलेल्या जागी बसून राही. लग्न दोघांनीही केले नाही. का केले नाही, हे विचारणारी माणसे एकेक करून वारली आणि मग तो प्रश्नही गावात उरला नाही.

काडतुसांचे खाते अल्गोटकडे होते. हिवाळ्यात जेवणाचे टेबल पुसून तो त्यावर मेणकापड अंथरी, लहानसा तराजू मांडी आणि झाडलेल्या पितळी नळकांड्यांत नव्याने दारू भरून वर गोळी बसवी. त्याच्या एकाच रायफलीला दोन तऱ्हेची काडतुसे लागत. काळा वनकोंबडा थंडीत उंच पाइनच्या शेंड्यावर, दूरवर बसतो. त्याच्यासाठी सगळीकडून तांब्याने मढवलेली टणक गोळी. ती सुईसारखी आरपार जाते आणि मांस शाबूत राहते. मूससाठी, म्हणजे उत्तरेकडच्या त्या अवाढव्य सांबरासाठी, टोकाशी शिसे उघडे असलेली जड गोळी. ती आत शिरताच अळंबीसारखी फुलते आणि घोड्याहून उंच जनावराला जागच्या जागी बसवते.

"कोंबड्याला मूसची गोळी घातलीस," अल्गोट म्हणे, "तर घरी नुसती पिसं घेऊन ये, उशी शिवू. आणि मूसला कोंबड्याची घातलीस, तर घरी येऊच नकोस. ते जनावर कुठं जाऊन पडलं, ते आधी शोध."

"आणि अस्वलाला?" हिल्डिंग विचारी. उत्तर ठाऊक असूनही दर हिवाळ्यात एकदा तरी विचारी.

"अस्वलाला तू आहेस ना! तुझ्या तोफेला काय, एकच गोळा. निवडायचा त्रासच नाही."

ते खरे होते. नऊ-तीनमध्ये मूसला जे काडतूस, तेच अस्वलाला. त्यामुळे हिल्डिंगला कधी काडतूस उजेडात धरून पारखावे लागले नाही. खिशात हात घालावा, हाताला येईल ते भरावे. साडेसहावाल्यांसाठी मात्र वडिलांनी नियम घालून दिला होता: पक्ष्याची डाव्या खिशात, मूसची उजव्या. तो नियम हिल्डिंगने इतक्या लहानपणी ऐकला होता की, तो जगातल्या सगळ्या कोटांना लागू आहे, असेच त्याला वाटत आले.

अल्गोट डावखुरा होता. कुऱ्हाड दाराच्या डाव्या बाजूला टांगलेली असे. लोण्याची लाकडी सुरी ताटलीच्या भलत्याच कडेला पडलेली असे. कॉफीच्या किटलीचा दांडा चुलीवर कधी या बाजूला वळलेला असे, कधी त्या. त्यावरून शेवटचा पेला कोणी ओतून घेतला, ते कळे. एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ अजून माणसाचे वजन पेलत असताना, अल्गोट लाकडाच्या ढिगाशी बसला तो उठला नाही. त्यानंतर किटलीचा दांडा एकाच बाजूला राहू लागला. पहिले काही आठवडे हिल्डिंगच्या ते लक्षात आले नाही. लक्षात आल्यावर त्याने किटली घासून ठेवून दिली आणि लहान पातेल्यात कॉफी उकळू लागला.

अल्गोटचा कुत्रा, करड्या दाट केसांचा टूस, टोराने नेला. टोरा शिकारी मंडळाची प्रमुख. चाळिशी ओलांडलेली, मोजके बोलणारी बाई. "त्याला रान लागतं, हिल्डिंग," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्यांनी ते व्हायचं नाही." हिल्डिंगने पट्टा तिच्या हातात दिला. कुत्र्याने गाडीत चढताना मागे पाहिले. पण ते हिल्डिंगकडे नव्हे, त्याच्या पाठीमागच्या दाराकडे.

मे महिन्यात होडीच्या धक्क्यावर पाय घसरून त्याचे उजव्या खांद्याचे हाड मोडले. ते जुळले, पण वाकडे जुळले.

शिकारी मंडळ म्हणजे काय, हे हिल्डिंगला कोणी विचारले असते तर त्याला सांगता आले नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या त्या काही आठवड्यांत सकाळी काळोखात कोणीतरी त्याला त्याच्या नावाने हाक मारी, शेकोटीपाशी सरकून जागा देई, त्याच्या सॉसेजला नावे ठेवी. उरलेले वर्ष त्या आठवड्यांकडे तोंड करून उभे असे. आणि मंडळातून माणूस कसा जातो, ते त्याने पाहिले होते. म्हातारा एगोन डोळ्यांनी अधू झाला, तेव्हा त्याला कोणी काढून टाकले नाही. आधी सगळे त्याच्याशी सांभाळून बोलू लागले. मग त्याला कॉफीच्या झोपडीत बसवले, कारण तिथे ऊब असते. पुढच्या वर्षी त्याला फोन करायचा राहून गेला.

ऑगस्टमध्ये मंडळाची नेमबाजीची चाचणी झाली. रुळांवरून धावणारा लाकडी मूस, आणि त्याच्या छातीवर वर्तुळे. हिल्डिंगने नऊ-तीन खांद्याला लावली. पहिल्या बाराला खांद्यात अशी कळ गेली की, दुसऱ्या वेळी चाप ओढण्याआधीच त्याचे डोळे मिटले. गोळी लाकडी मूसच्या पायाखालच्या मातीत गेली. तिसरीही तिथेच.

"मातीत बटाटे पेरतोयस काय रे?" मागून येर्कर ओरडला. येर्करचा आवाज मंडळात सर्वांत मोठा होता आणि रायफलही. "डोळे मिटून काय प्रार्थना चाललीय? गोळीला वाट दाखवायचं काम देवाचं नव्हे, म्हाताऱ्या!"

"तुझ्या तोफेची वाट आम्ही गेल्या वर्षी ताटात पाहिली," हिल्डिंग म्हणाला. "अख्खा पुढचा पाय खिमा झाला होता. दातांतून हाडाचे तुकडे वेचले."

सगळे हसले. येर्करही हसला, कारण ते खरे होते, आणि पळीही त्याच्याकडेच होती. ही पळी म्हणजे मंडळाची जुनी, काठाशी चिरलेली लाकडी पळी. शिकारीत ज्याचा नेम चुकेल त्याने ती घरी नेऊन स्वयंपाकघरात दिसेल अशी टांगायची, पुढचा चुकेपर्यंत. येर्करच्या घरी ती गेल्या ऑक्टोबरपासून मुक्कामाला होती. "बायको म्हणते, आता ती गेली तर करमायचं नाही," तो सांगे. हिल्डिंगवर पळी नेण्याची वेळ कधी आली नव्हती. अल्गोटवर एकदाच आली होती. चुलीशेजारच्या भिंतीत तेव्हा ठोकलेला खिळा अजून होता.

टोरा त्याला बाजूला घेऊन गेली.

"खांदा?"

"सवयीने जाईल."

"जाणार नाही. अल्गोटची साडेसहा घे. धक्का निम्म्याहून कमी."

"मूसला पुरते?"

"अल्गोटला इतकी वर्षं पुरली की! मूस काय गोळीचं वजन विचारत नाही, कुठं लागली ते बघतो. अस्वल आलं तर मात्र झाडायची नाही. बसून राहायचं. कबूल?"

"कबूल."

"आणि महिनाअखेर पुन्हा चाचणी. त्यात नाही जमलं, तर मग..." तिने वाक्य पुरे केले नाही. कॉफीच्या झोपडीचे छप्पर तिच्या खांद्यामागे दिसत होते.

रायफलीचा परवाना त्याच्या नावावर होऊन आला. त्या दुपारी त्याने टेबलापाशी बसून ती पहिल्यांदा गालाला लावली. उजव्या हातासाठी घडवलेली रायफल अल्गोट आयुष्यभर डाव्या खांद्याला लावत आला होता. त्याच्या गालाने दस्त्याच्या उजव्या अंगाचे पॉलिश झिजून तिथे लाकूड मऊ आणि काळपट झाले होते. हिल्डिंगचा गाल डाव्या अंगाला टेकला. तिथे पॉलिश नवे होते, गार होते. लाकडाच्या एकाच फळीला दोन भावांचे गाल, दोन बाजूंनी. त्याने रायफल खाली ठेवली आणि बराच वेळ तळ्याकडे पाहत राहिला.

चाचणीसाठी त्याने खणातली, डब्यावर 'मूस' असे लिहिलेली काडतुसे वापरली. खांदा दुखला नाही, डोळे मिटले नाहीत. लाकडी मूसच्या छातीत भोके पडली. "बघा, कोंबडीवाला झाला!" येर्करने जाहीर केले, आणि हिल्डिंगला वाटले, चला, अजून एक वर्ष.

ऑक्टोबरातल्या शिकारीच्या सकाळी त्याचा स्वतःचा कोट वाकड्या खांद्यावर अडकेना. त्याने रायफली ठेवायच्या कुलपाच्या खोलीतून अल्गोटचा हिरवा लोकरी कोट काढला. त्या कोटात लाकडाच्या धुराचा आणि कुत्र्याचा वास होता, आणि दोन्ही खिशांत काडतुसे होती. गेल्या हिवाळ्यात अल्गोटने भरलेली, त्याच्या हातची शेवटची. हिल्डिंगला ते बरे वाटले. खणातला डबा त्याने खणातच राहू दिला. मंडळाच्या शेडपाशी टोराने लाकडी बिल्ल्यांची पिशवी फिरवली. ज्याच्या हाती जो बिल्ला, त्याची ती जागा. त्याला ओढ्याच्या वाकणावरची जागा मिळाली, मूस हमखास उतरतात ती.

"नशीब काढलंस," येर्कर म्हणाला. "अर्धा मला पाठव."

"तुझ्याकडे पळी आहे, तिला बोलाव."

जागेवर तो पोहोचला तेव्हा अजून उजाडले नव्हते. रेडिओवर टोराचा आवाज आला, "भरा." त्याने उजव्या खिशात हात घातला, जाड हातमोज्यातूनच काडतुसे काढून रायफलीत भरली, बोल्ट पुढे सारला. मग तो ओंडक्यावर बसला. गवतावर दव गोठून पांढरे झाले होते. ओढ्याला आवाज नव्हता. शेजारची जागा टेकाडाच्या पलीकडे. तिथे कोण आहे, तेही त्याला ठाऊक नव्हते. अशी वाट पाहण्याची त्याला जन्माची सवय होती. पण पूर्वी रानात कुठेतरी अल्गोट चालत असे, आणि ती वाट त्याच्याकडून येणाऱ्या कशाची तरी असे. आज रान नुसतेच रान होते.

पूर्वेकडे फटफटले. बोटे बधिरली म्हणून त्याने हातमोजे काढले आणि हात खिशांत घातले. डाव्या खिशात बोटांना काडतूस लागले. त्याने ते सहज बाहेर काढून पाहिले. टोकाशी करडे, मऊ, उघडे शिसे.

तो पाहत राहिला. मग त्याने दुसरे काढले. तेही तसेच.

डाव्या खिशात मूसची. म्हणजे उजव्या खिशात, आणि आता नळीत, कोंबड्याची.

साधी गोष्ट होती. डावखुऱ्या माणसाचा भरणारा हात डावा. मूस समोर असताना घाईने हात जाईल तिथे मूसचीच हवीत. अल्गोटने वडिलांचा नियम निमूटपणे उलटा केला होता, बहुधा पोरवयातच. कधी सांगितले नाही, कारण कोणी विचारले नव्हते. एका छपराखाली, एका टेबलावर दोघे म्हातारे झाले आणि भावाच्या कोणत्या खिशात काय आहे, हे हिल्डिंगला ठाऊक नव्हते.

त्याने बोल्टवर हात ठेवला, आणि त्याच क्षणी वरच्या अंगाला टूस भुंकला. भुंकणे जवळ होते. एल्डरच्या झुडपांच्या जाळीतून काटक्या मोडल्याचा आवाज आला आणि मूस ओढ्याच्या वाकणावर उतरला.

नर होता, रुंद शिंगांचा. नाकातून वाफ सोडत तो थांबला, हाकेच्या अंतरावर, पूर्ण आडवा. छाती मोकळी. इतके सोपे जनावर त्याच्यासमोर कित्येक वर्षांत आले नव्हते. गोळी बदलायला बोल्ट मागे ओढला तर धातूचा आवाज होणार आणि मूस जाणार. न ओढता झाडली तर? काळजातून आरपार गेली तर मरेलही. पण कुठे? ती गोळी आत फुलणार नाही, बारीक भोक पाडून निघून जाईल, आणि हे एवढे थोरले जनावर ते भोक घेऊन दलदलीत चालत राहील, अंधार पडेपर्यंत, कदाचित उद्यापर्यंत. कोणाला कळलेही नसते. मूस पडलाच असता, तर सगळ्यांनी हिल्डिंगची पाठ थोपटली असती. हिल्डिंगचा गाल त्या गार पॉलिशवर टेकला होता. रायफलीवरच्या दुर्बिणीच्या काचेत मूसचा खांदा हलत होता.

त्याने रायफल गुडघ्यांवर ठेवली.

मूसने कान वळवला, ओढा ओलांडला आणि टेकाडाला वळसा घालून नदीच्या बाजूला गेला. मागोमाग टूस आला, नाक जमिनीला लावून. ओंडक्याजवळ येताच तो थबकला. कोटाच्या कडेला नाक लावून त्याने खोल श्वास घेतला, शेपूट एकदा हलली. मग त्याने मान वर करून चेहरा पाहिला. क्षणभरच. आणि पुन्हा नाक खाली घालून तो मूसच्या मागावर निघून गेला.

रेडिओ खरखरला. "हिल्डिंग, तुझ्याकडे उतरला तो. दिसला?"

नाही, असे म्हणता आले असते. पण पांढऱ्या गवतावर खुरांचे ठसे त्याच्या नाकासमोर उमटले होते. नाही म्हणणे म्हणजे डोळे गेले, असे सांगणे, एगोनसारखे.

"दिसला."

"मग?"

"नळीत कोंबड्याची गोळी आहे," हिल्डिंग म्हणाला. रेडिओ सगळ्यांकडे होता. "मूसची भरायची राहिली."

त्याने येर्करच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

"बरं," शेवटी टोरा म्हणाली. "राहू दे."

मूस नदी पोहून शेजारच्या मंडळाच्या हद्दीत गेला. त्या दिवशी दुसरे काही मिळाले नाही. दुपारी शेडपाशी शेकोटीभोवती सगळे जमले. सॉसेज काटक्यांना टोचून भाजले जात होते, कडक राईच्या भाकरीचे तुकडे होत होते. हिल्डिंग आल्यावर दोघांनी सरकून जागा दिली; नेहमीपेक्षा जास्तच दिली.

"बस," येर्कर म्हणाला. त्याने स्वतः उठून हिल्डिंगचा पेला भरला. "होतं असं कधी कधी."

"कुणालाही होऊ शकतं," दुसरा म्हणाला.

"त्यातून भावाचं ताजं आहे," कोणीतरी हळूच म्हणाले.

हिल्डिंगने पेला हातात घेतला. कॉफी गरम होती. पण त्याला पाठीत थंडी वाजली. सॉसेजला कोणी नावे ठेवली नव्हती. टोरा आगीकडे पाहत होती.

"हिल्डिंग," ती म्हणाली, "उद्या कॉफीच्या झोपडीत कोणीतरी हवंच आहे. तिथं ऊबही असते. तुझ्या खांद्याला..."

"येर्कर," हिल्डिंग मध्येच म्हणाला, "पळी कुठाय?"

"पळी? घरी. का?"

"आण."

"अरे, पण तुझा नेम कुठं चुकलाय? तू तर झाडलीच नाहीस."

"नळीत कोंबड्याची गोळी घालून मूसच्या वाटेवर बसलो. सकाळभर. ऐटीत." त्याने पेल्यासकट हात शेडकडे केला. "इतका मोठा चुकणारा या शेडनं पाहिलाय का? तुझी पळी तुझ्या लायकीची नाही आता. ती माझी आहे. आण."

काटकी आगीत तडकली. येर्करने टोराकडे पाहिले, मग हिल्डिंगकडे. त्याचे तोंड वाकडे होऊ लागले. त्याने ते दाबून धरायचा प्रयत्न केला.

"कोंबड्याची," तो म्हणाला. "अरे, त्या मूसला घरी जाऊन सांगावं लागलं असेल, मला पाखरू समजले म्हणून!"

कोणीतरी फिसकन हसले, मग सगळेच.

"बिचारा झाडावर चढला नाही म्हणून वाचला," पलीकडून आले.

"उद्या येताना गळ आण, हिल्डिंग! ओढ्यात मासे आहेत!"

"आणि हे सॉसेज कसलं आणलंय, बुटाचा तळवा?"

हिल्डिंगने कॉफी प्यायली. डोळ्यांत धूर गेला होता. त्याने ते बाहीने पुसले. टोरा हसली नाही. शेकोटी विझवताना ती त्याच्याजवळ आली.

"सकाळी बिल्ला काढायला वेळेवर ये," ती म्हणाली. "आणि नळीत काय भरणार आहेस, ते मला दाखवल्याशिवाय जागेवर जायचं नाही. रोज."

"दाखवीन."

"सगळ्यांच्या देखत."

"देखत."

येर्करने संध्याकाळी घरून पळी आणून दिली. गाडीतून न उतरताच त्याने ती खिडकीतून पुढे केली. "जप हिला," तो म्हणाला, "दमट हवा सोसत नाही." आणि तळ्याच्या कडेने त्याचे दिवे दूर गेले.

हिल्डिंगने पळी चुलीशेजारच्या जुन्या खिळ्याला टांगली. चिरेत येर्करच्या घरचे कसले तरी पीठ वाळून बसले होते. स्वयंपाकघर तसे फारसे बदलले नाही.

मग त्याने कोटाचे खिसे टेबलावर रिकामे केले. कोंबड्याची काडतुसे त्याने डब्यात भरून खणात ठेवली. मूसची हातात घेऊन तो थोडा वेळ उभा राहिला. ती उजव्या खिशात टाकली असती, की सगळे वडिलांनी सांगितल्याप्रमाणे झाले असते. त्याने ती पुन्हा डाव्याच खिशात ठेवली. कोट चढवला, ओंडक्यावर बसावे तसा खुर्चीवर बसला आणि उजवा हात छातीवरून आडवा नेत डाव्या खिशात घातला. हात अडखळला, बटणाला लागला. त्याने पुन्हा केले. खिडकीबाहेर तळे काळे होत होते. न पाहता हात सरळ भावाच्या खिशात जाईपर्यंत तो ते करत राहिला.